विद्यापीठाची हद्द कोठे संपते?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



‘राज्य विद्यापीठ आणि ग्रामीण जनता’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा प्रथम मनात आले ते माझे स्वतःचे विद्यार्थिदशेतील दिवस. मी तालुक्याच्या गावी कला शाखेची पदवी घेतली. पदवी विद्यापीठाची होती. परंतु तीन वर्षांत विद्यापीठ मी कधी पाहिले नव्हते. ते पाहण्याचा योग आला तो एका प्रमाणपत्रासाठी. पहाटेची एस. टी. पकडून दुपारी विद्यापीठाच्या गावी पोहोचलो, रांगेत उभा राहिलो आणि खिडकीपाशी आल्यावर उत्तर मिळाले, “सोमवारी या.” त्या दिवशी शुक्रवार होता. पुढे अनेक वर्षे विद्यापीठ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकीच उभी राही.

माझ्या वडिलांना तर तेवढाही अनुभव नव्हता. दोन म्हशी, थोडी कोरडवाहू जमीन आणि रोज सकाळी डेअरीवर जाणारी दुधाची किटली हा त्यांचा संसार. विद्यापीठाचा आपल्याशी काही संबंध असेल असे त्यांना कधी वाटले नाही. “आज फॅट कमी लागली,” एवढे वाक्य मात्र आमच्या घरी रोज ऐकू येई. ती फॅट मोजण्याची युक्ती मुळात एका राज्याच्या विद्यापीठाने आपल्या शेतकऱ्यांसाठी शोधली होती, हे मला पुष्कळ उशिरा, माहिती खात्यात आल्यावर वाचनातून कळले. आज त्याच राज्याची आणि त्याच्या विद्यापीठाची हकीकत मी आपणांपुढे ठेवणार आहे. मी तेथे गेलेलो नाही. परंतु त्या हकीकतीत आपल्या गावांना उपयोगी पडेल असा एक धडा आहे, आणि एक इशाराही आहे.

गव्हाचे राज्य दुधाचे कसे झाले

अमेरिकेच्या उत्तर भागात, मिशिगन सरोवराच्या काठी विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. विस्ताराने ते महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र साठ लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहूनही कमी. तेथे ७२ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे स्थानिक स्वराज्याचा घटक. क्षेत्राने साधारण आपल्या दोन तालुक्यांएवढा, आणि अधिकाराने आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळ जाणारा.

१८४८ मध्ये हे राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी राज्य विद्यापीठाचा कायदाही झाला. १८४९ च्या फेब्रुवारीत मॅडिसन या राजधानीच्या गावी पहिला वर्ग भरला, तेव्हा विद्यार्थी होते अवघे १७. पुढे १८६२ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने मॉरिल कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या. त्या विकून येणाऱ्या पैशांतून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये चालवावीत, असा त्यामागील हेतू होता. १८६६ मध्ये मॅडिसनचे विद्यापीठ या योजनेत आले. त्याच वर्षी प्लॅटव्हिल या गावी शिक्षक तयार करणारी राज्याची पहिली नॉर्मल स्कूल सुरू झाली, आणि नंतरच्या पन्नास वर्षांत अशा शाळा राज्याच्या निरनिराळ्या भागांत पसरल्या. येथे बसलेल्या शिक्षकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. त्या राज्यातील आजच्या बहुतेक विद्यापीठांचा उगम या अध्यापक शाळांतच आहे.

त्या काळी विस्कॉन्सिनचा शेतकरी गहू पिकवीत असे. वर्षानुवर्षे एकच पीक घेतल्याने जमिनीचा कस गेला, किडीने पिके बुडाली आणि शेतकरी अडचणीत आला. काही जाणत्या मंडळींनी दूधधंद्याचा मार्ग सुचविला. १८८५ पासून विद्यापीठाने हिवाळ्याच्या मोकळ्या दिवसांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी अल्प मुदतीचा अभ्यासक्रम ठेवला, आणि गावोगावी शेतकऱ्यांचे मेळावे भरविण्यास आरंभ केला. प्राध्यापक गावात येऊ लागले.

दूधधंद्यात एक मोठी अडचण होती. कारखान्यात दुधाचे पैसे वजनावर मिळत. त्यामुळे चोख दूध घालणारा आणि पाणी मिसळणारा किंवा साय काढून घेणारा यांना एकच भाव पडे. प्रामाणिक माणसाचा तोटा होई. १८९० मध्ये विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी यावर उपाय शोधला. दुधात गंधकाम्ल घालावयाचे, बाटली यंत्रात गरगर फिरवावयाची, आणि बाटलीच्या निमुळत्या गळ्यात वर जमलेली स्निग्धता खुणांवरून वाचावयाची. काम थोड्या मिनिटांचे, आणि गावातील शिकाऊ माणसालाही जमेल इतके सोपे. बॅबकॉक यांनी या युक्तीचे एकस्व घेतले नाही. ती सर्वांना खुली ठेवली. भाव गुणवत्तेवर मिळू लागला आणि कोणती गाय राखावी, कोणती काढावी हेही शेतकऱ्याला समजू लागले. आपल्या संकलन केंद्रांवर पुष्कळ वर्षे चालत आलेली गर्बर पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. माझ्या वडिलांच्या तोंडची ‘फॅट’ ही अशी दुरून आलेली होती.

राज्याच्या सीमा त्याच विद्यापीठाच्या सीमा

१९०३ मध्ये चार्ल्स व्हॅन हाइज हे विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. आपल्याकडील कुलगुरूंच्या जागी त्यांना समजावे. ते याच राज्यात जन्मलेले आणि याच विद्यापीठात शिकलेले होते. १९०५ मध्ये वृत्तपत्रकारांच्या सभेपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, विद्यापीठाचा लाभ राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचल्याखेरीज आपले समाधान होणार नाही. विद्यापीठाच्या सीमा म्हणजेच राज्याच्या सीमा, असे या विचाराचे सूत्र पुढे रूढ झाले. त्याला ‘विस्कॉन्सिन विचार’ असे नाव पडले आणि १९१२ मध्ये चार्ल्स मॅकार्थी यांनी त्याच नावाचा ग्रंथ लिहिला.

हा विचार केवळ भाषणात राहिला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मॅडिसन येथे विधानभवन आणि विद्यापीठ यांना जोडणारा सुमारे मैलभराचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याने प्राध्यापक विधानभवनाकडे जात आणि कायदे करणाऱ्यांना माहिती पुरवीत. १९११ मध्ये राज्याने कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदा केला. त्याच्या घडणीत अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉन कॉमन्स यांचा वाटा होता. १९३२ मध्ये बेकारांना साहाय्य देणारा अमेरिकेतील पहिला राज्य कायदा तेथेच झाला. दुसरीकडे, १९०७ पासून विद्यापीठाचा विस्तार विभाग नव्या जोमाने कामाला लागला. टपालाने धडे जाऊ लागले. १९१२ पासून काउंटीत कृषी प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. १९३१ पासून विद्यापीठाच्या आकाशवाणी केंद्रावरून शाळांसाठी पाठ प्रसारित होऊ लागले, आणि खेड्यातील एका खोलीच्या शाळेतील मुलेही ते ऐकू लागली.

कोणी म्हणेल की, असे गावोगाव फिरणारे विद्यापीठ उच्च संशोधन काय करणार? त्याचे उत्तरही तेथेच आहे. अविभाजित भारतात जन्मलेले हरगोविंद खोराना हे १९६० ते १९७० या काळात मॅडिसन येथेच काम करीत होते, आणि १९६८ चे नोबेल पारितोषिक त्यांना तेथे असतानाच मिळाले. जीवनाच्या मूळ सूत्राचा शोध आणि दुधाच्या फॅटची परीक्षा या दोन्ही गोष्टी एका विद्यापीठात सुखाने नांदल्या.

अनेक परिसर, एक विद्यापीठ

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली. जुन्या अध्यापक शाळांची प्रथम महाविद्यालये आणि मग विद्यापीठे झाली. मॅडिसनच्या विद्यापीठानेही मिल्वॉकी, ग्रीन बे आदी ठिकाणी शाखा काढल्या. राज्यात दोन स्वतंत्र विद्यापीठ-समूह निर्माण झाले आणि दोन्ही शासनाच्या दारी निधी मागू लागले. त्यामुळे १९७१ मध्ये गव्हर्नर पॅट्रिक ल्यूसी यांच्या कारकिर्दीत दोघांचे एकत्रीकरण करण्यात आले. त्यास विरोधही झाला. मॅडिसनला आपला दर्जा खालावेल अशी भीती होती, तर लहान परिसरांना समान वागणुकीची आशा होती. अखेर १३ विद्यापीठे आणि दोन वर्षांचे शिक्षण देणारी अनेक लहान महाविद्यालये एका नियामक मंडळाखाली आली. या मंडळात १८ सभासद असतात व त्यांतील दोघे विद्यार्थी असतात.

येथे आपल्या पद्धतीशी असलेला फरक स्पष्ट करणे जरूर आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अध्यापन महाविद्यालयांनी करावयाचे, परीक्षा विद्यापीठाने घ्यावयाची, असा तो संलग्नतेचा प्रकार होता. माझे महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न होते, त्याचा परिसर नव्हते. विस्कॉन्सिनमध्ये मात्र प्रत्येक परिसर हा विद्यापीठाचाच भाग. तेथील प्राध्यापक विद्यापीठाचा, ग्रंथालय विद्यापीठाचे आणि जबाबदारीही विद्यापीठाची.

या रचनेतील दोन वर्षांच्या महाविद्यालयांकडे पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या जमिनी व इमारती काउंटीच्या किंवा नगराच्या मालकीच्या, आणि अध्यापन विद्यापीठाचे, अशी ती भागीदारी होती. स्थानिक लोकांनी कर भरून इमारत बांधावयाची, विद्यापीठाने शिक्षक द्यावयाचे. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या मुलाने पहिली दोन वर्षे घरी राहून कमी खर्चात शिकावे आणि मग मॅडिसनसारख्या मोठ्या ठिकाणी जाऊन पदवी पूर्ण करावी, अशी ही सोय होती. आपल्या घराच्या जवळचे विद्यापीठ आपल्याच पैशांनी उभे आहे, ही भावना त्या गावांत होती.

रिकाम्या इमारतींचा इशारा

सहकारीहो, येथपर्यंत मी धडा सांगितला. आता इशारा सांगतो.

काळ पालटला. तरुणांची संख्या रोडावली, शासनाचा निधी खर्चाच्या मानाने वाढला नाही आणि २०१३ पासून पुढे कित्येक वर्षे राज्यातील विद्यार्थ्यांचे शुल्कही गोठविण्यात आले. २०१५ मध्ये तर एक विलक्षण घटना घडली. विद्यापीठाचा हेतू सांगणारी जी कलमे कायद्यात होती, त्यांतील सत्याचा शोध आणि परिसराबाहेरील लोकांची सेवा यांविषयीचे शब्द अर्थसंकल्पाच्या मसुद्यातून वगळलेले आढळले, आणि उद्योगांना लागणारे मनुष्यबळ पुरविण्याची भाषा त्यात आली. लोकांनी जोरदार आक्षेप घेतला. गव्हर्नरांना माघार घ्यावी लागली आणि ते शब्द कायम राहिले. शंभर वर्षांपूर्वीचा एक विचार लोकांना आपला वाटत होता, म्हणूनच तो वाचला.

शब्द वाचले, इमारती मात्र सर्व वाचल्या नाहीत. २०१८ मध्ये दोन वर्षांची १३ महाविद्यालये जवळच्या मोठ्या विद्यापीठांना जोडण्यात आली. त्यांचा स्वतंत्र कारभार संपला. निर्णय दुसऱ्या गावी होऊ लागले. रिचलंड सेंटर हे एक लहान गाव. तेथील महाविद्यालय १९६७ पासून चालू होते. २०२२ मध्ये तेथे सुमारे ६० विद्यार्थी उरले आणि २०२३ च्या उन्हाळ्यापासून तेथील वर्ग बंद झाले. २०२४ मध्ये वेस्ट बेंड आणि फाँड द्यू लाक, २०२५ मध्ये वॉकेशा आणि फॉक्स सिटीज येथील परिसर बंद झाले. विद्यापीठ निघून गेले. इमारत काउंटीच्या पदरी राहिली. तिचे काय करावे, हा प्रश्न स्थानिक प्रतिनिधींपुढे उभा राहिला. प्रश्न केवळ विटा-सिमेंटचा नव्हता. घरी राहून शिकणाऱ्या मुलाची जवळची वाट त्यामुळे बंद झाली.

तरीही एक गोष्ट टिकून आहे. विद्यापीठाचे विस्तार कार्य आजही सर्व ७२ काउंट्यांत चालते. परिसर बंद झाले तेथेही शेतकऱ्याला सल्ला देणारा विस्तार कर्मचारी आहे, आणि त्याच्या खर्चाचा काही भाग काउंटी उचलते. जे काम लोकांच्या रोजच्या गरजेशी बांधलेले असते, ते सहजासहजी मोडत नाही. जी इमारत केवळ विद्यार्थीसंख्येवर उभी असते, ती संख्या घटताच डळमळते. मला या हकीकतीचे सार हेच वाटते.

आपल्या राज्यात

हा विचार आपल्याकडे आलाच नाही, असे कोणी समजू नये. जमीन-अनुदानाच्या अमेरिकन विद्यापीठांचा नमुना समोर ठेवून १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ झाले. आपल्या राज्यात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांची स्थापना झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्यांची तिहेरी जबाबदारी ठरलेली आहे. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खेड्यात आणले. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि नोकरी-शेती सांभाळून शिकण्याची सोय झाली. अंतर कमी व्हावे म्हणून २००४ मध्ये सोलापूरला आणि २०११ मध्ये गडचिरोलीला स्वतंत्र विद्यापीठे झाली. मुंबई विद्यापीठाचे रत्नागिरी येथे, पुणे विद्यापीठाचे नाशिक व अहिल्यानगर येथे, तर छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचे धाराशिव येथे केंद्र आहे.

ही सर्व पावले स्वागतार्ह आहेत. परंतु नवीन केंद्र मिळावे, अशी मागणी आपण करतो तेव्हा आपली दृष्टी बहुधा जागा, इमारत आणि कोनशिला येथवरच असते. इमारत झाल्यावर तेथे पूर्णवेळ शिक्षक किती, कोणते विषय शिकविले जाणार आणि आसपासच्या गावांशी त्या केंद्राचा संबंध काय, हे क्वचितच विचारले जाते. रिचलंड सेंटरच्या लोकांनी इमारत दिली होती आणि प्रेमही दिले होते. तरी ते पुरले नाही. आपण त्यांच्याहून सावध असावे.

आपण काय विचारावे

म्हणून, पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, आपल्या जवळच्या विद्यापीठाला, त्याच्या उपकेंद्राला किंवा महाविद्यालयाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, आमच्या गावाचा कोणता प्रश्न तुम्ही अभ्यासाला घेतला आहे? विहिरींच्या पाण्याची पातळी, शाळा सोडणाऱ्या मुली, ओढ्याचे गाळलेले पात्र, दुभत्या जनावरांचे आजार, यांतील एक विषय जरी एखाद्या विभागाने तीन वर्षे धरून ठेवला, तरी गावाचे चित्र पालटू शकते.

दुसरा प्रश्न, त्या अभ्यासातून काय निघाले, हे आम्हांला आमच्या भाषेत कोण सांगणार? प्रबंध ग्रंथालयात जातो. तो ग्रामसभेतही आला पाहिजे. ग्रामसभेने एका प्राध्यापकाला वर्षातून एकदा तरी सन्मानाने बोलवावे, आणि त्याच्या कामाचा हिशेब तितक्याच आदराने मागावा.

तिसरा प्रश्न, जमीन किंवा इमारत आम्ही दिली, तर निर्णयात आमचा आवाज किती? केंद्र चालविण्याची मुदत, शिक्षकांच्या जागा आणि पुढे ते बंद करण्याची वेळ आली तर काय करावयाचे, हे आधीच लेखी ठरलेले असावे. घरातील सोयरीक जुळवितानाही आपण बोलणी स्पष्ट करतो. मग गावाच्या शिक्षणाच्या बाबतीत संकोच कशाला?

शिक्षक बंधु-भगिनींना एवढेच सांगेन की, विस्कॉन्सिनची विद्यापीठे अध्यापक शाळांतून वाढली. गाव आणि विद्यापीठ यांच्यामध्ये पहिला दुवा आजही शिक्षकच आहे. अधिकारीवर्गातील माझ्या सहकाऱ्यांना सांगावयाचे ते मी स्वतःलाही सांगत असतो. आपल्या कचेरीची खिडकी जेवढी उघडी, तेवढेच शासन लोकांच्या जवळ.

माझे वडील आता नाहीत. त्यांच्या दुधाची किटली मात्र आमच्या घरी अजून आहे. विद्यापीठाचा आपल्याशी काही संबंध नाही, असे त्यांना अखेरपर्यंत वाटत राहिले. त्यात चूक त्यांची नव्हती. त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्या पिढीतील कोणा शेतकऱ्यावर तशी पाळी येऊ नये. विद्यापीठाची हद्द त्याच्या कुंपणापाशी संपू नये. ती आपल्या गावाच्या शिवारापर्यंत यावी. त्यासाठी तिला बोलावून आणण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.